शेंगोळं नावाचा स्फटिक

झोप येते तेव्हा आधी पाय जातात. मग कंबर. मग पंख्याचा आवाज लांब जातो, कुणीतरी तो उचलून शेजारच्या खोलीत नेऊन ठेवल्यासारखा. डोकं तेवढं मागे उरतं, निघतो निघतो म्हणून दारातच गप्पा मारत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं. चित्रलेखा धोंगडे अशी अर्धी गेलेली आणि अर्धी उरलेली पडून आहे. अणुभट्टीच्या गेस्ट हाऊसमधला लोखंडी पलंग, भर दुपार, खिडकीला जाड पडदा, आणि चपला पायातच.

दमली आहे ती. रात्रभर बसमधून आली म्हणून दमली असं कुणालाही वाटेल, पण ते काही खरं नाही. ती श्रावणापासून दमलेली आहे. बसून दमते, जेवून दमते, झोपून उठली की आणखी दमते. लॅबमधली पोरं म्हणतात, "ताई, चार दिवस सुट्टी घ्या ना," आणि ती म्हणते, "घेते," आणि एवढं बोलूनसुद्धा दमते.

उशीपाशी एक प्लास्टिकची डबी आहे. डबीत कापूस, कापसात करंगळीएवढी काळी कांडी, शेवटाकडे जराशी वाकलेली. दिसायला शेगडीतून उडालेला कोळसा. रस्त्यात पडली तर कुणी लाथेनेही उडवणार नाही. पण हा स्फटिक आहे, आणि कसला स्फटिक! त्याच्यातल्या प्रत्येक अणूजवळ एक इवलंसं चुंबक आहे. एरवी ही चुंबकं मधल्या सुट्टीतल्या पोरांसारखी, ज्याचं तोंड त्याला हवं तिकडे. स्फटिक थंड करत गेलं, अगदी हाडं गोठतील त्याच्याही कितीतरी खाली नेला, की घंटा झाल्यासारखी सगळी एकदम रांग धरतात. आणि रांग लागली की स्फटिकात विजेचाही कल तयार होतो, एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण. चुंबक आणि वीज एकाच घरात सुखाने नांदतात अशी घरं या जगात फार थोडी. त्या रांगेचा अभ्यास म्हणजे चित्रलेखाची पीएच.डी.

आता अडचण ऐका. स्फटिक थंड होताना, ही मोठी रांग लागायच्या थोडं आधी, त्रेचाळीस केल्विनला, तिच्या आलेखात एक छोटासा उंचवटा येतो. जणू तिथे आणखी एक रांग लागते, आजवर कुणी न पाहिलेली. तो उंचवटा खरा असेल तर मोठा पेपर होईल. आणि त्या पेपरवर पहिलं नाव असेल अंबिका म्याकलचं, कारण तो पहिल्यांदा दिसला अंबिकाला आणि हा स्फटिक वाढवलाही तिनेच. अंबिका, चित्रलेखाच्या शेजारच्या टेबलावरची, सोलापूरची, मोठ्या आवाजाची. श्रावणात तिला ताप आला आणि आठवड्याभरात ती गेली.

पण तो उंचवटा खोटाही असू शकतो. हा स्फटिक मँगनीजच्या ऑक्साईडचा, पण मँगनीजचा एक दुसरा ऑक्साईड असतो, चोरटा. असा स्फटिक वाढवताना त्याचा कणभर मळ आत राहून गेला, तर तोही नेमका त्रेचाळीसच्या आसपास आपली वेगळी रांग धरतो. या कामातले भलेभले त्याला फसलेत. खरं की खोटं हे बघायचा रस्ता एकच: स्फटिकाची पूड करायची आणि ती न्यूट्रॉनच्या झोतात ठेवायची. अख्खा स्फटिक ठेवला तर आपण ज्या दिशेने बघतो तेवढंच दिसतं, मळ कोपऱ्यात लपून राहतो. पूड झाली की लपायला जागा नाही.

आणि अंबिकाच्या हातचा हा एकच स्फटिक उरलाय. ती गेल्यापासून तिची आरशांची भट्टी, आरशांनी दिव्याचा उजेड एकवटून कांडी वितळवणारी, कुणाला धड चालवता आलेली नाही. चित्रलेखाने दोनदा करून पाहिलं, दोन्हीदा कांडी मध्येच वितळून गळून पडली.

सकाळी तिच्या गाईडचा, टिल्लू मॅडमचा, फोन येऊन गेला. "संध्याकाळी झोत आपल्याला मिळतोय. अख्खा लावायचा की पूड, तू ठरव. प्रबंध तुझा आहे, मी सांगणार नाही. पण पूड परत अख्खी होत नसते, एवढं लक्षात ठेव."

चित्रलेखाने काहीच ठरवलेलं नाही. ती पडली आहे. पंखा शेजारच्या खोलीतून त्याच्याही शेजारच्या खोलीत जातो.

"सरक की. सगळा पलंग तुझ्या बापाचा हाय का?"

चित्रलेखा सरकते. पलंगाच्या कडेला अंबिका बसते, आणि पलंग तिच्या बाजूला खरोखर दबतो. तिने लॅबचा पांढरा कोट घातलाय, खिशाला जळल्याचा डाग असलेला. केस ओले आहेत, नुकतीच न्हाऊन आल्यासारखे. चित्रलेखाला नवल वाटत नाही. नवल वाटायलाही अंगात जोर लागतो.

"अंबे, तू मेलीयेस ना?"

"मग? तू जिवंत हाईस म्हणून काय दिवे लावलीस?" अंबिका तिच्या पायांकडे बघते. "चपला घालून झोपतात व्हय गं? आणि हे तोंड काय झालंय. इस्त्री विसरलेल्या शर्टासारखी दिसायलीस."

"दमलेय."

"कशानं?"

अंबिका उठते, दार उघडते, आणि बाहेर गेस्ट हाऊसचा व्हरांडा असायला हवा तिथे भट्टीची खोली आहे. त्यांच्याच लॅबमधली, जिन्याखालची. आरशांची भट्टी चालू आहे, तिच्या छोट्या खिडकीतून पांढरा उजेड भिंतीवर पडलाय. आत दोन कांड्यांच्या मध्ये एक वितळलेला थेंब लोंबतो आहे, पडतही नाही आणि चढतही नाही.

भिंतीवर खडूने नावं लिहिलीत. ही अंबिकाची रीत होती. लॅबमधले बाकीचे आपल्या नमुन्यांना अक्षरं आणि आकडे द्यायचे, अंबिका खाण्याच्या वस्तूंची नावं द्यायची. पहिली कांडी करंजी. मग चिरोटा, मग धपाटं. प्रगती अहवालातही तिने एकदा लिहिलं होतं, 'धपाट्याचं चुंबकीय मापन पूर्ण झालं,' आणि टिल्लू मॅडम दहा मिनिटं चष्मा पुसत बसल्या होत्या. यादीत सगळ्यात शेवटी आहे शेंगोळं, कारण ती कांडी वाढता वाढता वाकडी झाली.

"करंजी कुठाय?" अंबिका विचारते.

"तिचे काप केले. विजेच्या मापनाला."

"चिरोटा?"

"क्ष-किरणांत. तूच तर पूड केली होतीस."

"धपाटं?"

"धपाटं तुझ्या हातून पडलं गं. तू रडली होतीस."

"खोटं. हसले होते." अंबिका खडूने प्रत्येक नावापुढे रेघ मारते. शेंगोळ्यापाशी थांबते. "आणि हे?"

चित्रलेखा खिशात हात घालते. डबी खिशात आहे. ती काढत नाही, नुसती धरून ठेवते.

"त्यात मळ आहे का, अंबे? तू वाढवलंस ना ते. तुला माहीत असेल. एकदा सांगून टाक, मी सुटते."

"मला काय ठाऊक?"

"आता तरी ठाऊक असायला हवं!"

"का? मेलं की माणूस शहाणं होतंय असं कुणी सांगितलं तुला? उलट विसरायला होतंय. परवा मला माझ्या गॅसचा नंबर आठवंना." अंबिका भट्टीच्या खिडकीला नाक लावून थेंबाकडे बघते. "त्या दिवशी थेंब दोनदा डगमगला होता, एवढं आठवतंय. तेव्हाच मळ बसला असंल. नसंलही."

"म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे बघायला पायजे."

खाली बघावं तर जमीन लाल मातीची आहे. मोठं मैदान, कडेने निलगिरीची झाडं, आणि कुठून तरी घंटा वाजते. मैदानभर पोरं आहेत, हजारो, पांढरा सदरा आणि निळी चड्डी, आणि घंटेबरोबर ती सगळी रांगेत येतात. पण रांग सरळ नाही. पहिल्या पोराचं तोंड फाटकाकडे, दुसऱ्याचं जरासं वळलेलं, तिसऱ्याचं आणखी जरासं, असं वळत वळत शेवटचा पुन्हा फाटकाकडे. सगळ्या मैदानावरून एक गिरकी निघून गेलीय आणि कुणी हललेलं नाही. चित्रलेखाने हीच गिरकी तीन वर्षं आलेखाच्या ठिपक्यांमधून मोजली आहे. अशी समोर कधी बघितली नव्हती.

"काय सुंदर आहे गं."

"हाय की. ही खरीच हाय, हिला कुणी हात लावत नाही. ही तुझी." अंबिका हात लांब करते. "पण तिकडं बघ. त्या पाण्याच्या टाकीमागं."

मैदानाच्या पार टोकाला काहीतरी गडद हलतं. पोरंच आहेत, थोडीशीच. त्यांनीही रांग धरली आहे. त्यांचा गणवेश वेगळा वाटतो, पण धूळ आहे, ऊन आहे, आणि चित्रलेखा उभी आहे त्या पायरीवरून दिसतात फक्त डोक्याचे भांग.

"ती आपल्या शाळेची आहेत की दुसऱ्या?"

"मला काय विचारतीस? जाऊन बघ."

"इथून दिसत नाहीये."

"एकाच पायरीवर उभी राहिल्यावर कसं दिसंल? पहिल्या दिवसापासून इथंच उभी हाईस. मागच्या टायमाला अख्खं लावलंस, त्याच्या मागच्या टायमालाही अख्खंच लावलंस. तीच पायरी, तीच पोरं, तीच गिरकी. वर म्हणं दमले."

चित्रलेखाला राग येतो. महिन्यांनी पहिल्यांदा तिला धड काहीतरी येतं, आणि तो राग आहे.

"तुला काय जातंय बोलायला! दुसऱ्या शाळेची निघाली तर? मग उंचवटा गेला. पेपर गेला. तुझं नाव गेलं, अंबे! कुठेच राहणार नाही तू. तुझ्या अम्मा मला दर रविवारी फोन करतात. पेपर आला का, विचारतात. तुझं नाव केवढ्या अक्षरात येतं, विचारतात. मी काय सांगू त्यांना? आणि वर हेही फोडून टाकू? हे एवढंच तर..."

अंबिका खाली बसते, आणि ती बसते तिथे शहाबादी फरशी आहे, गार, आणि फरशीत बसवलेलं दगडी उखळ आहे. सोलापूरचं घर. एकच खोली, वर पत्रे, दोरीवर वाळत घातलेल्या साड्या. कोपऱ्यात अम्मा पाठमोऱ्या बसून शेंगदाणे पाखडताहेत. तिखटाचा आणि लसणाचा वास इतका जोरात येतो की डोळ्यांत पाणी यावं. पहिल्या वर्षी अंबिका चित्रलेखाला इथे घेऊन आली होती आणि दोघींनी मिळून शेंगाचटणी कुटली होती. म्हणजे अंबिकाने कुटली होती, चित्रलेखा चव बघत होती.

"दे," अंबिका म्हणते.

"नाही."

"चित्रे, दे म्हणते ना."

"हे तुझं शेवटचं आहे."

"शेंगोळं हाय ते! शेंगोळं! मी खायच्या वस्तूंची नावं काय उगं ठेवत होते? संपवायची म्हणून ठेवत होते. लाडू केले आणि काचेच्या कपाटात ठेवले, असं कुठं बघितलीस? बुरशी येती. आणि तू त्याला कापसात निजवलीस. रात्री उठून बघतीस. परवा माझ्या वाढदिवसाला त्याच्यापुढं उदबत्ती लावलीस का नाही, खरं सांग."

चित्रलेखा मान खाली घालते. लावली होती. लॅबच्या धूरसूचक यंत्राने बोंब ठोकली आणि सगळी इमारत खाली उतरली होती.

"अगं देवा," अंबिका म्हणते आणि हसायला लागते. तेच हसणं, मध्ये श्वास अडकून घोरल्यासारखा आवाज येणारं. चित्रलेखालाही हसू येतं, नको असताना येतं, आणि हसता हसता कधी तिने डबी पुढे केली ते तिचं तिलाच कळत नाही.

अंबिका कांडी उखळात टाकते. टक् असा आवाज होतो, काचेचा. मुसळ चित्रलेखाच्या हातात देते.

"मी नाही. तू मार."

"तू बनवलंयस."

"म्हणून तर. मी पुन्हा जीव लावत बसंन. हाण."

मुसळ भलतंच जड आहे. चित्रलेखा उचलते आणि पहिला घाव घालते तो कडेला बसतो. दुसऱ्याला काहीतरी मोडतं. तिला वाटलं होतं की आपलंच काहीतरी मोडेल, पण तसं होत नाही. नुसती कांडी मोडते. तुटलेल्या जागी काळी चकाकी आहे, आरशासारखी. मग ती कुटत राहते. खांदे भरून येतात, घाम मानेवरून पाठीत उतरतो. हा थकवा वेगळा आहे. हा कशाचा तरी आहे.

कोपऱ्यातून अम्मा, मागे न वळता, विचारतात, "चित्रा, नाव केवढ्या अक्षरात येतं गं?"

मुसळ थांबतं. अंबिका बघते आहे. या वेळी ती मदत करणार नाही, हे चित्रलेखाला दिसतं.

"अम्मा," ती म्हणते, "कदाचित येणारच नाही. तिला दिसलं होतं ते खरं होतं का, तेच आधी बघतेय. नसलं तर छापता येणार नाही."

अम्मा सुपातली फोलपटं फुंकून टाकतात.

"बरं," अम्मा म्हणतात. "जेवून जा."

एवढंच. चित्रलेखा तशीच बसून राहते. ज्या प्रश्नासाठी ती दर रविवारी फोन उचलायच्या आधी गच्चीवर जाऊन उभी राहायची, तो प्रश्न एवढासा होता. तिच्या डोळ्यांतून पाणी गळतं आणि ती ते तिखटावर ढकलते.

उखळाच्या तळाशी आता बारीक पूड आहे, काळसर तपकिरी, काजळीसारखी. अंबिका वाकून बघते, चिमटीत घेऊन बोटांवर घासते. स्वयंपाकाचा अंदाज घेतात तसं.

"जरा भरड राहिलंय. चालंल. मला तर बरंच दिसतंय."

"म्हणजे मळ नाही?"

"दिसण्यावर असतं का ते, येडे? न्यूट्रॉन कशाला मग? घरीच डोळ्यांनी बघितलं असतं." ती पुडीत करंगळी बुडवते. "इकडं ये."

"काय?"

"ये तर."

चित्रलेखा तोंड पुढे करते. अंबिका तिची हनुवटी धरते, अगदी आई बाळाची धरते तशी, आणि डाव्या गालावर, कानाच्या थोडं खाली, करंगळी टेकवते. बोट गार आहे. भट्टीपाशी तासन् तास बसणाऱ्या अंबिकाचं बोट इतकं गार कधीच नव्हतं.

"हे काय गं? तीट?"

"मग? एवढी मोठी झालीस, खऱ्याला सामोरी जायलीस. नजर लागंल कुणाची तरी."

"अंबे, उंचवटा खोटा निघाला तर तू..."

"तर मी चुकले. जिवंत असताना कितीदा चुकले, तेव्हा तुला कधी एवढं वाईट वाटलं नाही. पोटभर हसायचीस." अंबिका कोटाला हात पुसते. पुसून झाल्यावर कोट पूर्वीइतकाच पांढरा आहे. "जा आता. मला झोप आलीय."

"तुला झोप येते?"

"तुझी उरलीय की एवढी. ती घेते."

फोन वाजतो. तो उखळात वाजतोय, मग साड्यांच्या दोरीवर, मग पाण्याच्या टाकीमागे, मग उशीखाली.

चित्रलेखा डोळे उघडते. पडद्याच्या फटीतून ऊन पलंगापर्यंत आलंय. पंखा आपल्या जागी फिरतोय.

"मॅडम, गवाणकर बोलतोय, न्यूट्रॉन हॉलमधून," पलीकडून आवाज येतो. "आधीच्या पार्टीचं लवकर आटपलंय. तुमचा नमुना अख्खा लावायचाय ना? मागच्या वेळचा होल्डर काढून ठेवू?"

ती डबी उघडते. कापसात शेंगोळं आहे. अख्खं, वाकडं, कुठे टवकासुद्धा नाही. ती त्याच्याकडे बघते, आणि गवाणकर दोनदा "हॅलो" म्हणतात.

"नको," ती म्हणते. "पूड लावायचीये. पुडीचा डबा काढा."

"पूड? बरं. करून आणलीय का?"

"करायचीये. खल मिळेल का तुमच्याकडे?"

"आहे ना, अगेटच्या दगडाचा आहे. पण एवढ्या कांडीची बारीक पूड म्हणजे हात मोडतील हो. माणूस दमतो."

"दमू दे," चित्रलेखा म्हणते. "येतेच मी."

ती उठते. चपला पायात आहेतच. बेसिनपाशी जाऊन नळ सोडते, ओंजळ भरते, आणि आरशात बघून थांबते. पाणी बोटांमधून गळून जातं.

डाव्या गालावर, कानाच्या थोडं खाली, एक काळा ठिपका आहे. ती बोट लावते. पूड आहे, किंचित भरड, काजळासारखी पसरत नाही, बोटाला खरखरीत लागते. ती पुन्हा डबीकडे जाते, कांडी खिडकीशी धरून सगळ्या बाजूंनी फिरवते. ओरखडासुद्धा नाही.

ती नळ बंद करते. कांडी कापसात न ठेवता तशीच मुठीत घेते, आणि तोंड न धुताच उन्हात बाहेर पडते.